पिशवीतलं उत्पन्न

मळमड्डीतल्या एका भाड्याच्या घरात आमचं सर्वेक्षणाचं ऑफिस होतं. काम होतं तालुकावार मध्यक उत्पन्नाचा अंदाज काढायचं. तालुक्यातली सगळी कुटुंबं उत्पन्नाप्रमाणे एका रांगेत उभी केली तर बरोबर मधोमध जे येईल, त्याचं वर्षाचं उत्पन्न म्हणजे मध्यक. सगळ्यांना विचारणं जमत नाही, म्हणून निवडक घरांना विचारायचं. अळणावरकडची गावं मला मिळाली, कारण मी तिकडचाच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. नोकरी सहा महिन्यांची होती. काम पटलं तर वाढवू, असं सांगितलं होतं.

फॉर्म देऊन आठवडा झाला तेव्हा मॅडमनी बोलावलं. त्या निवृत्त प्राध्यापिका, ऑफिस त्याच चालवत. माझे फॉर्म त्यांनी टेबलावर ओळीने मांडले होते.

"गावांत न जाता इथेच केलगेरीच्या तळ्याकाठी बसून भरलेत का हे?"

त्या असं का विचारतायत, ते मला समजलंच नाही.

"निम्म्याहून जास्त घरांचं उत्पन्न एकच आहे. रुपयाचा फरक नाही. तुमच्याकडे काय, देव सगळ्यांना एकाच मापाने वाढतो?"

मी प्रत्येक घरी गेलो होतो, तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "सोमवारपर्यंत मला पटवून द्या. नाही तर हे फॉर्म बाद. मग तुमचीही मुदत वाढवता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन सकाळच्या बसने गावी गेलो. यादीतलं पहिलं घर आमच्या गल्लीच्या टोकाचं. तिथली अक्का आणि तिचा नवरा, दोघंही मजुरीला जातात.

"परत आलास? मागल्या वेळी चहात साखर कमी पडली काय?"

"तसं नाही अक्का. उत्पन्न परत एकदा सांगा."

ती उठली, आत गेली आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत रेशनकार्ड, पोरांचे मार्कांचे कागद आणि लॅमिनेशन केलेला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. तो तिने माझ्यासमोर धरला. "हे घे की तम्मा. ह्यातच हाय सगळं."

पहिल्या फेरीतही तिने असंच केलं होतं, आणि मी आकडा उतरून घेतला होता. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. आमच्या घरीही उत्पन्न पिशवीतच असायचं. शाळेत, हॉस्टेलच्या अर्जात, कोणी विचारलं की अप्पा पिशवी काढायचे. आमच्याकडच्या गावांत सगळ्यांचे दाखल्याचे अर्ज एकच माणूस भरून द्यायचा आणि बहुतेकांना आकडाही एकच घालायचा.

"हे नको अक्का. गेल्या वर्षी खरोखर किती आले?"

"ते कसं सांगू? तू उत्पन्न विचारलास, मी उत्पन्न दिलं. कामाला किती दिवस गेलो, ते विचारलास कुठं?"

मी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागलो. भांगलणीचे किती दिवस, नवरा लाकडाच्या वखारीत किती दिवस, म्हशीचं दूध डेअरीला किती महिने. वाट्याने केलेल्या तुकड्यातला मका अमरगोळच्या बाजारात गेला, त्याच्या विक्रीची पट्टी तिने डब्यातून शोधून दिली. तास गेला. आकडा दाखल्यापेक्षा बराच वर निघाला. शेजारच्या घरचा मात्र खाली निघाला.

दुपारी घरी अप्पांशेजारी बसलो. आमचं घर यादीत नव्हतं, तरी मी बी.ए.ला असतानाच्या एका वर्षाचे कामाचे दिवस त्यांना विचारत गेलो. त्या वर्षी ते बरेच दिवस आजारी होते. बेरीज दाखल्याच्याही खाली आली.

"अप्पा, मग दाखला बदलून का घेतला नाही?"

"कशाला? तुझी शिष्यवृत्ती येत होती की. तहसीलला दोन खेपा, म्हणजे दोन दिवसांची मजुरी."

त्या कागदावर माझं शिक्षण झालं, त्याबद्दल मी आजही ऋणी आहे. पण तो सर्वेक्षणाला चालणारा नव्हता.

सोमवारी मी मॅडमसमोर दहा उलटे फॉर्म ठेवले आणि पिशवीची हकीकत सांगितली. चूक माझी आहे, हेही सांगितलं. त्यांनी दोन फॉर्मांची बेरीज स्वतः करून पाहिली.

"अशी दाखल्यावरून भरलेली किती घरं?"

"जवळजवळ सगळी."

"मग सगळीकडे परत जा. बसचं भाडं मिळेल. चहा त्यांचाच प्यायचा."

दुसरी फेरी संपायला महिना लागला. एकाच आकड्यावर साचलेली घरं वर-खाली पांगली आणि मधोमध वेगळंच घर आलं. मॅडमनी छापील फॉर्ममधला 'वार्षिक उत्पन्न' हा रकाना काढून टाकला आणि माझी मुदत सहा महिन्यांनी वाढवली. कलघटगी तालुक्यासाठी नवी मुलं आली, तेव्हा त्यांना शिकवायला मलाच उभं केलं.

मी त्यांना पहिली गोष्ट ही सांगितली: प्रश्न ऐकून कोणी आत जायला उठलं, की त्यांना परत बसवायचं.