वांग्यावरचे मार्क
स्पिरिटचा वास आला की मला वांगं आठवतं. लॉकडाऊनमध्ये आमचं नर्सिंगचं दुसरं वर्ष मोबाईलवरच उरकलं. माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर रेंज फक्त मेंढरांच्या वाड्यापाशी यायची. तिथं बसून मी कॅमेऱ्यासमोर वांग्याला स्पिरिट पुसून इंजेक्शन टोचलं आणि मॅडमनी पैकीच्या पैकी मार्क दिले. त्याच आठवड्यात आईला इन्सुलिन सुरू झालं. तिचा दंड धरला तर तो उबदार लागला, आणि सुई मी तशीच धरून बसले. आई म्हणाली, "टोच की गं, शिकतीस नव्हं?" मेंढरांना सुई टोचणाऱ्या वडिलांनी माझ्या हातातली सुई घेतली आणि टोचली. आज सांगलीत वॉर्डभर मीच सुया टोचते. गावी गेले की आई मात्र दंड अजून वडिलांपुढंच करते.