दिनकररावांचा राहिलेला फॉलोअप

दुपारी दोन ते साडेतीन आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात सक्तीची विश्रांती असते. वॉर्डातल्या अठ्ठावीस जणांनी आपापल्या खाटेवर पडायचं, झोप येवो न येवो. कुणी उठून फिरायला लागला की त्याला दटावायचं काम माझं. आज मात्र मीच ओपीडीच्या खोलीत टेबलावर डोकं टेकून बसले आहे.

आज गुरुवार. चार वाजता कुटुंबसभा आहे आणि सर्जेराव पोवारांचा सत्कार. दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर असलेला हा माणूस बरोबर एक वर्ष दारूशिवाय राहिलाय. आमच्याकडे वर्ष झालं की शाल, नारळ आणि पेढे देतात, आणि त्या माणसाने माइकसमोर उभं राहून आपली गोष्ट सांगायची असते. सर्जेराव सकाळीच येऊन म्हणाले होते, "ताई, पाच मिन्टं काम हुतं." मी म्हटलं, सभेनंतर बघू. मला खुर्च्यांचं बघायचं होतं, अध्यक्षांना फोन करायचा होता. आता डोळे मिटलेत, पण कान जागे आहेत. बाहेर खुर्च्या मांडल्या जातायत. स्वयंपाकघरात मावशी पातेली घासतायत. मी झोपलेली नाही, असं स्वतःला बजावते, तेवढ्यात पातेल्यांचा आवाज यंत्रमागांचा होतो. खटाक-खट, खटाक-खट.

"ताई, माझा नंबर आला का?"

दारात दिनकर चौगुले उभे आहेत. यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत असावं, पण आम्ही दोघंही तो विषय काढत नाही. अंगात तोच बाह्या दुमडलेला शर्ट आहे आणि केसांत कापसाची भुरकी.

"तुम्हाला कसला नंबर, दिनकरराव? या की आत."

"न्हाई, रीतसर येतो. माझा फॉलोअप ऱ्हायलाय."

बावीस वर्षं मी समुपदेशक आहे. माणूस उंबऱ्यातून पाय कसा आत टाकतो, यावरून तो पिऊन आलाय की नाही ते मी सांगते. पेशंट म्हणतात, ताईंच्या नाकाला सरकारी लायसन आहे. मीही ते ऐकून घेते, नाही कशाला म्हणू? तेव्हा मी दिनकररावांचे पाय बघते. पाय सरळ पडतायत. त्यांचं कार्ड काढायला मी कपाट उघडते, तर ते कपाट नाहीच. लांबच लांब शेड आहे, दोन्ही बाजूंना माग चाललेत आणि आम्ही मधल्या बोळातून चाललो आहोत.

दिनकरराव एका मागाशी थांबतात आणि कान लावतात.

"ह्यो बिघडलाय."

"अहो, कापड तर झकास येतंय."

"कापडाकडं बगून काय कळतंय ताई? कापड बिगडायच्या आधी आवाज बिगडतो. जॉबर कापड बगत न्हाई. कान लावतो."

मी कान लावायला वाकते तर माग म्हणजे नऊ नंबरची खाट आहे. खाटेवर दिनकररावच आहेत, पाच वर्षांपूर्वीचे, पहिल्या दिवसाचे. हात थरथरतायत, घामाने उशी भिजलीय. दारू तुटल्यावर पहिले चार-पाच दिवस असेच जातात, नसलेलं काहीबाही दिसतं. डॉक्टर सलाइन लावतात, झोपेचं औषध देतात, आणि कुणीतरी जवळ बसून राहावं लागतं. माझ्या शेजारी उभे असलेले दिनकरराव खाटेवरच्या दिनकररावांच्या अंगावर चादर नीट करतात.

"भिंतीवरच्या मुंग्या गेल्या का हो?" मी विचारते.

"तवाच गेल्या. तुमी बसला हुता की दोन दिस. एकेक मुंगी मोजायला लावली मला."

"मोजताना झोप लागते."

"लागली हुती."

मला हसू येतं. हा माणूस मला फार आवडायचा. तीस दिवस वॉर्डात राहून ते कुणालाही नकोसे झाले नाहीत. पंप बिघडला की पंप दुरुस्त केला, योगाच्या तासाला सगळ्यांच्या आधी सतरंजी घातली. मग घरी गेले आणि दर गुरुवारी ओपीडीला यायला लागले. त्यांच्या बायको अक्काताई पहिलं वर्षभर रोज सकाळी दारू पचू न देणारी गोळी पाण्यात विरघळवून, समोर उभं राहून पाजायच्या, कारण गोळी जिभेखाली ठेवून नंतर थुंकण्यात आमचे पेशंट पटाईत असतात. अक्काताई आत्ताही वॉर्डाच्या कोपऱ्यात ग्लास ढवळत उभ्या आहेत. ढवळताना त्यांच्या बांगड्या वाजतायत.

बांगड्यांचा आवाज वाढत जातो आणि त्या टाळ्या आहेत. आम्ही सभेच्या हॉलमध्ये आहोत. दिनकरराव माइकसमोर आहेत.

"माजं नाव दिनकर. मी दारुडा हाय. मरस्तवर दारुडाच ऱ्हाणार, पर आज प्यालो न्हाई."

काय बोलायचा हा माणूस! बायका पदराने डोळे पुसायच्या, पुरुष माना खाली घालून ऐकायचे. एका गुरुवारी तर त्यांचं भाषण ऐकून सहा जण तिथल्या तिथे भरती झाले होते. मग मी दर गुरुवारी त्यांनाच उभं करायला लागले. आता मी समोर बघते तर हॉलमध्ये शंभर खुर्च्या आहेत आणि प्रत्येक खुर्चीत मीच बसले आहे. चष्मा कपाळावर सरकवून मीच टाळ्या वाजवते आहे. सगळ्या खुर्च्यांत स्वतःलाच बघून माझा मलाच राग येतो.

दिनकरराव माइक सोडून येतात आणि खिशातून स्वतःचं फॉलोअपचं कार्ड काढून माझ्या हातात देतात.

"वाचा."

"हजर. उत्तम. हजर. उत्तम." भाषणं सुरू झाल्यापासूनचे अकरा गुरुवार, अकरा वेळा उत्तम. अक्षर माझं आहे.

"इचारून लिवलं?"

मी कार्ड उलटं करून बघते.

"का भाषण ऐकून लिवलं?"

"भाषण ऐकून," मी म्हणते. माझ्या तोंडून हे याआधी कधीच निघालेलं नाही, अक्काताईंसमोरसुद्धा नाही.

"सहाव्या गुरवारी मी पिऊन आलतो, ताई."

"मला वास कसा आला नाही?"

"तुमी पार मागं, दाराशी. मी माइकपाशी. शंभर माणसं मधी. एवढ्या लांबनं कुटला वास येतोय?"

आता मी चिडते. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण मी चिडते. "मग सांगायचं होतं! खोलीत यायचं होतं! आम्ही काय फाशी देणार होतो? पुन्हा भरती करून घेतलं असतं, पुन्हा गोळी सुरू केली असती. पडलेला माणूस उचलायलाच तर बसलोय आम्ही इथे."

"कसं सांगू? म्होरं तीस-चाळीस बायका बसायच्या. माज्याकडं बगून नवऱ्याला भरती करायच्या. मी पडलो म्हनलं असतं तर त्यांनी कुणाकडं बगायचं?" दिनकरराव केसांतली भुरकी झटकतात, ती जात नाही. "येक डाव आलतो खोलीत. तुमी म्हनला, आज कुटला मुद्दा घेनार? मग मुद्दा सांगितला आनि गेलो."

हे खरं आहे. मला तो दिवस आठवतो. आमच्या कामात चुका खूप होतात, पण ही चूक आमच्यासारख्यांचीच. बरा झालेला माणूस आम्ही इतका मिरवतो की त्याला पुन्हा आजारी पडायला जागाच ठेवत नाही. पुढच्या पाच महिन्यांत ते संपले, तालुक्याच्या दवाखान्यात, रक्ताच्या उलट्या होऊन. त्यांना मी घालवलं असं मी म्हणणार नाही, दारूने घालवलं. पण ते सांगायला आले तेव्हा मी ऐकलं नाही, आणि याचं वाईट मला रोज वाटतं.

"आज कोन बोलतंय?" दिनकरराव विचारतात.

"सर्जेराव पोवार. टँकरवाले."

"सकाळी आलता न्हवं तुमच्याकडं?"

"पाच मिनिटं मागत होते. सभेनंतर बघू म्हटलं."

"सभेनंतर न्हाई थांबत तसला मानूस. शाल अंगावर पडली का तोंड शिवतंय."

हॉलमधल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होतात. आम्ही पुन्हा ओपीडीच्या खोलीत आहोत. दिनकरराव टेबलापलीकडचं पेशंटचं लोखंडी स्टूल दोन्ही हातांनी उचलतात, वळसा घालून माझ्या बाजूला आणतात आणि माझ्या खुर्चीला लावून ठेवतात.

"टेबलापलीकडनं मानूस भाषणच करतो बगा," ते म्हणतात. "हितं बसवा. कान लावा."

"तुम्ही बसा ना आधी. तुमचा फॉलोअप राहिलाय."

"झाला की."

ते जातात. उंबऱ्यातून पाय बाहेर टाकताना मी बघते, पाय सरळ पडतायत.

मी डोळे उघडते. तीन वाजून पाच मिनिटं झालीत. बाहेर कुणीतरी माइक तपासतंय, हॅलो हॅलो करतंय. मान अवघडलीय. मी उठायला जाते आणि माझा गुडघा लोखंडावर आपटतो. स्टूल माझ्या बाजूला आहे, खुर्चीला अगदी चिकटून. हे कुणी आणलं ते मी मावशींना विचारत नाही. विचारलं की त्या काहीतरी उत्तर देतील, आणि मला ते नको आहे.

मी दार उघडते. सर्जेराव पोवार बाकावर बसलेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मला बघताच उभे राहतात.

"या आत. पाच मिनिटं नाही, पाहिजे तेवढा वेळ बसू."

ते नेहमीच्या जागी स्टूल शोधतात. मग दिसल्यावर जरा थबकतात, वळसा घालून येतात आणि माझ्याशेजारी बसतात. इतक्या जवळून मला साबणाचा वास येतो, दुसरा कसलाही नाही. पण त्यांचा श्वास कापत कापत येतोय, आणि तो टेबलापलीकडून मला कधीच ऐकू आला नसता. मी काही विचारत नाही, थांबते.

"ताई," ते खाली बघत म्हणतात, "भाशान न्हाई जमायचं मला. रविवारी प्यालो."

"घरी माहीत आहे?"

"न्हाई. कुनालाच न्हाई. तुमालाच पैल्यांदा." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं, ते बाहीने पुसतात. "भाईर समदी शाल घिऊन बसल्यात, ताई."

"बसू देत," मी म्हणते. "तुम्ही सांगा."