मुंग्यांच्या सल्ल्याने हळद

ईशान, तारा, तुमच्या आईची हळद आमच्याकडे मुंग्यांच्या सल्ल्याने झाली.

रविवारी ईशानने फोनवर विचारलं, "आजी, पाऊस कधी येणार ते मला माझा फोन सांगतो. तुम्हाला कोण सांगायचं?" मी सांगायला लागले आणि तुमच्या बशीतली अंडी गार व्हायला लागली. तुमचा नाश्ता आणि माझं रात्रीचं जेवण यांच्या मधे जेवढं बोलणं बसतं, त्यात ही गोष्ट मावत नाही. म्हणून लिहिते आहे.

तेव्हा बोळिंजला आपल्या घरामागे केळीची वाडी होती, पुढे मोठं अंगण आणि अंगणात बकुळ. तुमची आई त्या झाडाखाली अभ्यास करायची, रुसायची आणि (मला दिसत नाही असं समजून) कैऱ्या खायची. लग्न ठरलं ते कॅनडात नोकरी करणाऱ्या तुमच्या बाबांशी. तिने एकच मागणं मागितलं. "आई, हळद बकुळीखाली. मग मला कुठे न्यायचं तिथे न्या."

मे महिना संपत आला होता. मी गिरगावात इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे सगळं आखून ठेवायची सवय. मांडव कुठे, चूल कुठे, बेंजोवाले कुठे, सगळं ठरलेलं. नारळाच्या वड्या हळदीआधी कोणी फस्त करू नये म्हणून तो डबा मी स्वतः माळ्यावर चढवला होता. फक्त पाऊस माझ्या हातात नव्हता. ते खातं गोदूताईंकडे होतं.

गोदूताई म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. खाडीकडच्या गावात त्यांची शेती. पावसासाठी त्या आकाशाकडे कधी बघत नसत, जनावरांकडे बघत. हळदीच्या दिवशी दुपारी त्या मागच्या दाराने आत आल्या.

"वयनी, कोंबड्या खुराड्यात शिरल्या."

"शिरू देत की, ताई."

"भर दुपारच्या? पानी येनार."

मी हसले. थोड्या वेळाने बघते तर आमचा कुत्रा टिपू पलंगाखाली बसलेला. शेपूट पोटाशी, भाकरी दाखवली तरी बाहेर येईना.

"त्याला ढग ऐकू येतात," गोदूताई म्हणाल्या.

तरी मी हसतच होते. मग माझी नजर माळ्याकडे गेली. मुंग्यांची रांग लागली होती. माळ्यावरून निघून भिंतीने थेट आढ्याकडे, आणि प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. (माझा चष्मा त्याच्या ठरलेल्या जागी होता, म्हणजे नाकावर नव्हता.) मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या की पाऊस, हे तर मलाही ठाऊक होतं. माझं सगळं इंग्रजी शिक्षण त्या रांगेसमोर आडवं झालं.

"अहो, मांडव उतरवा."

"अगं, आत्ता कुठे बांधून झालाय," आजोबा म्हणाले.

"कापडाचा आहे. भिजला की पाहुण्यांच्या डोक्यावर येईल."

"आकाश बघ जरा. निळं आहे."

"आकाशाला काय विचारता?" हे गोदूताई नाही म्हणाल्या. मी म्हणाले.

मीनल, म्हणजे तुमची आई, पुढे आली. "आई, भिजले तर भिजले. पण बाहेरच करू."

"आनि हळद वाहून गेली तर?" गोदूताई म्हणाल्या. "धुतलेल्या हळदीची नवरी कोनी बगितलीय का?"

मीनलने बकुळीकडे बघितलं. ते मला दिसलं, पण मी पाट आत नेण्याच्या घाईत होते.

मांडवाचं कापड उतरलं तशा कोंबड्या खुराड्यातून बाहेर आल्या.

"कोंबड्या बाहेर आल्या," आजोबा म्हणाले.

"पावसाआधी त्या पोटभर टिपून घेतात," मी म्हणाले. हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही!

संध्याकाळी सगळी आळी आमच्या बैठकीच्या खोलीत शिरली. बेंजोवाला जिन्यावर बसला, ढोलकीवाल्याला मोरीत जागा मिळाली. नवरीकडे हळदीचा हात न्यावा तर तो वाटेत भलत्याच गालाला लागे. माझ्या बहिणीने गर्दीत मोठ्या मायेने मांडववाल्याला हळद लावली, आणि त्यानेही वाकून नमस्कार केला. पाऊस आत येऊ नये म्हणून खिडक्या मी लावून घेतल्या होत्या. मे महिन्यात. बाहेर स्वच्छ चांदणं पडलं होतं.

बेंजोवाल्यांना काही खायला द्यावं म्हणून आजोबा माळ्यावर चढले आणि डबा घेऊन खाली आले. झाकण तिरकं, वड्या कडेकडेने कुरतडलेल्या.

"ही तुझी अंडी," ते मला म्हणाले. "खोबऱ्याची आहेत. साखर घातलेली."

 मग गोदूताईंनी बारीक आवाजात विचारलं, "आनि टिपू?"

"सकाळी बेंजोवाल्यांनी भोंगा वाजवून बघितला, तेव्हापासून पलंगाखाली आहे," मीनल म्हणाली. "आणि आत्या, मांडवामुळे खुराड्यावर काळोख झाला होता. कोंबड्यांना वाटलं, रात्र झाली."

एवढं बोलून ती हसत सुटली. बसून बसून तिचे पाय बधिर झाले होते. हळदतेलाने माखलेले दोन्ही हात तिने भिंतीला टेकले, उठली, पाट काखेत मारला आणि म्हणाली, "चला बाहेर."

अंगणात नुसते बांबू उभे होते. बकुळीखाली हळद पुन्हा पहिल्यापासून लागली. पहिलं बोट गोदूताईंचं.

"जनावरं खोटी नाय बोलली, वयनी," त्या हळूच म्हणाल्या. "घरात कायतरी बदलतंय एवढं त्यांना कळलं. पानी म्हनालो ते आपन."

मीनल कॅनडाला गेली. पाऊस त्यानंतर आला, एकाही प्राण्याला न कळवता. बकुळीखाली तेव्हा कोणी नव्हतं.

आता वाडीच्या जागी इमारती आहेत आणि अंगणात शेजाऱ्यांच्या गाड्या. बकुळ गेली, गोदूताई गेल्या. दुपारी अंधारून आलं की मी अजून दाराशी जाते. कोणाला आत घ्यायचं असतं, ते मात्र आठवत नाही.

तुमच्या आईचे दोन हात बैठकीच्या भिंतीवर अजून आहेत. हळद कधीच उडाली, तेलाचे डाग राहिले. रंगारी आला की मी तिथे खुर्ची टाकून बसते. पाहुणे विचारतात, "भिंतीला ओल आलीय का?"

मी सांगते, "हो. पाऊस आत आला होता."