सूनबाईंची लाथ

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो आणि सायटिकाही पहिल्यांदा मलाच झाला. वडील तळवलीच्या मिठागरात उभा जन्म वाकून राबले. त्यांची कंबर दुखत नसेल असं नाही, पण त्या दुखण्याला नाव नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालो. तेव्हा माझ्या दुखण्याला इंग्रजी नाव मिळणं ओघानंच आलं.

डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय. (आमच्या घरात गादी सरकली तर दोघं दोन टोकं धरून ओढतात. हे मी त्यांना सुचवलं नाही.) तेव्हापासून कळ डाव्या कुल्ल्यातून निघते ती थेट टाचेला जाऊन थांबते. शिंक येणार असं वाटलं की मी आधी भिंत शोधतो.

त्या रविवारी संध्याकाळी सेक्टरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात माझं व्याख्यान होतं. विषय, 'अंधश्रद्धा आणि आपण'. मंडळात सगळे कॉलनीवाले, गावठाणातला वक्ता मी पहिलाच. त्यामुळे मेलो तरी जायचंच, असं मी ठरवलं होतं.

इस्त्रीचा शर्ट घातला, पायमोजा चढवायला वाकलो आणि तिथेच अडकलो. वर येता येईना, खाली बसता येईना. शेवटी बायकोने आणि सुनेने मला हॉलमध्ये लादीवर पालथं घातलं. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष सावंतसाहेब यांचा फोन. गाडी घेऊन निघालोच आहोत म्हणाले. मी पडल्या पडल्या 'तयारच आहे' म्हणालो.

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही, सुनेकडे बघितलं.

"अवो, आपली प्रांजल पायालू हाय."

आता सांगायला हवं. जन्मताना जो डोक्याआधी पायांनी बाहेर येतो तो पायाळू, आणि त्याची लाथ बसली की भरलेली कंबर सुटते, असं आमच्याकडे मानतात. मुलाचं लग्न ठरवताना मी मुलीचं शिक्षण विचारलं होतं. हिने विहीणबाईंना कोपऱ्यात नेऊन हे विचारून ठेवलं होतं!

मी साफ नकार दिला. व्याख्यानाची पानं हातात धरून दिला. मग पुन्हा कळ आली आणि मी म्हणालो की निव्वळ प्रयोग म्हणून हरकत नाही.

प्रांजल बँकेत नोकरी करते, पण हे ऐकून रडकुंडीला आली. "आई, सासऱ्यांना लाथ मारली हे माझ्या आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही."

"मारू नको. नुसता लाव."

ती आधी माझ्या पाया पडली, 'सॉरी बाबा' म्हणाली आणि कंबरेला पाऊल टेकवलं. मग पुन्हा पाया पडली, पुन्हा सॉरी, पुन्हा पाऊल.

"लादी पुसतेस काय गो?" बायको म्हणाली. "जरा जोर लाव."

तिने जोर लावला. आणि (कुठल्याही प्रयोगशाळेत हे सिद्ध होणार नाही) बरं वाटलं! मी ओरडलो, "अजून एक! डावीकडे, टाच वापर!"

सावंतसाहेब उघड्या दारात उभे होते.

मी लादीला गाल लावूनच सांगितलं की ही फिजिओथेरपी आहे.

"फिजो कसली," बायको म्हणाली, "आमची सून पायालू हाय."

झालं. तळवलीची अब्रू लादीवर पालथी पडली होती आणि माझ्याकडे उठून पळायचीही सोय नव्हती. सावंतसाहेबांनी आधी मागे जिन्याकडे वळून बघितलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "हे मानेलाही चालतं का?"

बूट काढून ते माझ्या शेजारी आडवे झाले. गाडीतले दोघं उशीर का होतोय म्हणून बघायला वर आले, त्यातल्या एकाचे गुडघे धरलेले होते. त्याने मंडळाच्या हॉलवर जमलेल्या मंडळींना फोन करून व्याख्यानाची जागा बदलल्याचं कळवलं. बायकोने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चटया अंथरल्या. माणसं वाढली तसा मी सरकत सरकत टीपॉयखाली गेलो. प्रांजल प्रत्येकाच्या पाया पडून, सॉरी म्हणून पुढे जात होती. तिचा संकोच आता पार गेला होता.

श्रोते जमलेच आहेत म्हणून मी टीपॉयखालून पानं वाचायला घेतली. "मित्रहो, विज्ञानयुगात आपण..."

"शू!" सावंतसाहेब म्हणाले. "ती नेम धरतेय."

माझी कंबर सुटली का, ते विज्ञाननिष्ठ माणूस म्हणून मी सांगणार नाही. व्याख्यान मात्र फारच रंगलं असं सगळे म्हणतात. परवा मंडळाकडून पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. प्रमुख पाहुण्या आमच्या सूनबाई. स्टेजवर मीही आहे. बोलायचं काही नाही, फक्त पालथं पडायचं आहे.