गार पडलेला ढीग
वसाहतीतल्या ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या मावशींना चौदा वर्षांत कुणी थर्मामीटर वापरताना पाहिलं नव्हतं. त्या कोपरापर्यंत हात ढिगात खुपसायच्या आणि मनात आकडे मोजायच्या. दहाच्या आत हात ओढावा लागला, की ढीग जिवंत, आतला पाला नीट कुजतोय. शिकल्यासवरल्या माणसांना हे काय कळणार?

पण या महिन्यात ढीग गार लागू लागला. आधी वीसपर्यंत मोजून झालं, मग पन्नासपर्यंत. ढीग मेला की घाण सुटणार, आणि खताची शेड बंद करायला वसाहतीची समिती टपलेलीच होती. मग काय, घरी बसून माश्या मारायच्या?

त्यांनी शेण कालवलं, हिरवं गवत घातलं, सगळा ढीग वरखाली केला. छे, आत गारच. आणि गंमत बघा, त्या गार ढिगातून सकाळी वाफा निघायच्या. गांडुळं आतून पळून भिंतीवर चढली होती. रोज ढिगावर पसरणारं मांजर आता जवळ फिरकत नव्हतं. आत काहीतरी शिरलंय, असं मावशींना भरदिवसा वाटायचं, अंगावर सरसरून काटा यायचा. सांगायचं तरी कुणाला? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

शनिवारी सकाळी त्यांनी पार खांद्यापर्यंत हात घातला. शंभर झाले, दीडशे झाले. बोटांना ना ऊब लागली, ना ओल. तेवढ्यात सून डबा घेऊन आली.

"आई, अहो किती वेळ हात आत ठेवलाय?"

"ढीग मेलाय गं. तूच बघ हात घालून."

सुनेनं बोटं घातली आणि चटका बसून झटकन मागे घेतली. मग तिनं सासूचा दंड धरून हात बाहेर खेचला. मनगटाखाली नुसते फोड आले होते.

"शुगरच्या गोळ्या कधीपासून बंद केल्यात?" विचारता विचारता तिला रडू फुटलं.

मावशी त्या हाताकडे परक्याचा असल्यासारख्या बघत राहिल्या. ढीग जिवंत आहे म्हणून आधी त्यांना हायसंच वाटलं, खोटं कशाला बोला. मग सुनेचे डोळे पुसायला त्यांनी दुसरा, धडका हात तिच्या गालावर ठेवला. गाल ओला आहे हे दिसत होतं. हाताला काहीच लागलं नाही.