डॉक्टर तपासायची शेळी

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. त्यानेही माझं विचारलं नाही, हे फार बरं झालं.

नव्वदच्या दशकात मी डोंगरकड्याच्या शाळेवर मास्तर होतो. माझा कुत्रा राजा दोन दिवस जेवला नव्हता, म्हणून त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात बसलो होतो. डॉक्टर नवीन होता आणि तो कसा आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी घोंगडी पांघरलेला एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. त्याची काळी शेळी त्याच्या हातातला बाभळीचा पाला हावरटासारखी ओढत होती.

"हिला काय झालं?"

"काय बी न्हाई. डॉक्टर तपासाया आणली." शेळीचे कान कुरवाळत तो म्हणाला, "नवा डॉक्टर आला की धडधाकट शेळी आणतो. हिला बी सुई टोचली, तर पुन्हा पायरी चढत न्हाई."

"आजवर पास किती झाले?"

"येकच, मागल्या साली. घेऊन जा, ठीक हाय म्हणला. पर सुई देत न्हाई म्हणून गावानं अर्ज केला, त्याची बदली झाली. काहून केलं असंल, गुर्जी?"

मी राजाची साखळी उगाच हाताला गुंडाळत राहिलो. मागल्या साली राजाचं पोट बिघडलं, तेव्हा त्या डॉक्टरने 'एक दिवस उपाशी ठेवा' एवढंच सांगून आम्हाला परत पाठवलं होतं. राजा दुसऱ्याच दिवशी बरा झाला.

गावाचा तो अर्ज माझ्याच वळणदार अक्षरात होता.