कडेची जागा

गल्लीच्या तोंडाशी सायकलदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाला, चाकातल्या छऱ्यांवरून, सगळे छर्रामामा म्हणत. खरा मामा तो एकाच मुलीचा, बहिणीच्या लेकीचा. पण तिच्या धावण्याचं कौतुक त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला इतकं ऐकवलं की तो साऱ्या गल्लीचाच मामा होऊन बसला.

भाचीची निवड चाचणी तोंडावर आली होती. यंदा हुकली तर वयाची अट आडवी येणार होती. रोज सकाळी ती मोठ्या रस्त्याने धावायची आणि मामा शेजारून सायकल हाकायचा. गाड्या भरधाव जात, म्हणून तो गाड्यांच्या बाजूला आणि पोरगी गटाराच्या कडेला. जातानाही तसंच, येतानाही तसंच. पाणी वाहून जावं म्हणून ती कड चांगलीच उतरती होती.

"मामा, इथे पाय तिरका पडतो रे. जरा मधून धावू?" एकदा ती म्हणाली.

"गाड्या काय तुझ्या मामाच्या आहेत?" तो म्हणाला. ती हसली आणि कडेनेच धावली.

पुढे तिचा डावा गुडघा बाहेरच्या अंगाने दुखू लागला. मामाने कोमट तेल घेऊन रोज संध्याकाळी तो जीव तोडून चोळला. "बरं वाटतंय ना?" विचारलं की ती "हो" म्हणायची. एक दिवस जिना उतरताना ती मटकन खाली बसली, तेव्हा कुठे दोघं फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले.

बाईंनी तिच्या कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली नडगीपर्यंत बोट ओढत आणलं. "इथून इथवर एक जाड, चिवट पट्टा असतो. तो स्नायू नाही, चोळून सैल होत नाही. कुल्ल्याचे स्नायू त्याला वरून ताणून धरतात, म्हणून एका पायावर भार आला तरी आपण कलंडत नाही. धावताना हेच सतत चालतं. कुल्ला कमजोर असला किंवा पाय रोज उतारावर पडला, की पट्ट्यावर जादा ताण येतो आणि गुडघ्यापाशी खालचा भाग दाबला जातो. दुखतं खाली, दोष वर. धावतेस कुठे?"

"मैदानात," भाची चटकन म्हणाली.

पेडल कुरकुरलं तरी दोष सीटच्या नळीत असू शकतो, हे मामा गिऱ्हाइकांना उठता-बसता सांगायचा. घरच्या पोरीच्या बाबतीत मात्र त्याने नुसतं तेल घातलं होतं.

बाहेर येताच त्याने विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तू गाड्यांच्या बाजूला होतास म्हणून तर आई मला धावायला सोडायची," ती म्हणाली. "रस्त्याचं सांगितलं असतं तर सगळा दोष तुझ्यावर आला असता. आणि खरं सांगू? तू चोळायचास ना, तेव्हा जास्त दुखायचं."

विश्रांती आणि कुल्ल्याच्या व्यायामांनी पाय बरा झाला, पण तोवर चाचणी होऊन गेली होती. आता ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. मामाला बघून हात हलवते, पायाबद्दल चकार शब्द काढत नाही. तिने एकदा तरी भांडावं, असं त्याला फार वाटतं.

सकाळी तो अजून त्याच रस्त्याने दुकानात जातो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून त्याला कडेला व्हायला सांगतात. तो होत नाही. कडेला एका माणसाची जागा सोडूनच सायकल चालवतो.